अकरावी ओळ

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे नंतर "ह्याला असलं काहीतरी दिसतंच" असं कुणी म्हणायला नको. हिंगोलीत एसटी डेपोजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. भूत, भानामती, अंगात येणं... असलं बोलणं सुरू झालं की मी उठून चहाला जायचो. कॉम्प्युटरला सांगाल तेवढंच तो करतो, हे मी पोरांना रोज शिकवायचो, आणि नेमकं तेच माझ्या अंगलट आलं.

२००४-०५ ची गोष्ट. माझा शाळेतला मित्र नांदेडला कॅन्सरचा डॉक्टर. तो एकदा वैतागून म्हणाला की पेशंट, त्यातही बायका, घरच्यांसमोर तोंडच उघडत नाहीत. त्यांना काय हवं ते मला कळणार कसं? मग मी त्याला एक प्रोग्रॅम करून दिला. हेडफोनमधून दहा प्रश्न ऐकू यायचे – आजाराबद्दल सगळं सांगू का, निर्णय घरच्यांनी घ्यावा का, असे. आवाज माझाच, मराठी एकदम पुस्तकी. वाचता न येणाऱ्यांसाठी कीबोर्डवर पुठ्ठा चिकटवून दोनच बटणं उघडी ठेवली होती. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. शेवटी दहा प्रश्न आणि दहा उत्तरं छापून यायची. मी भलताच खूश होतो स्वतःवर.

त्याच हिवाळ्यात कुरुंद्याच्या माझ्या मावशीच्या छातीत गाठ निघाली.

मावशीचं गावात एक खास काम होतं. हळद शिजवताना कढई कधी उतरवायची, हे ती सांगायची. बाकीचे काडी टोचून बघायचे. मावशी लांबूनच वाफेचा वास घ्यायची आणि "उतरवा" म्हणायची. कधी चुकली नाही. एरवी थट्टेखोर बाई, पण थोरल्या दिरासमोर, म्हणजे आबांसमोर, डोईवर पदर आणि तोंडाला कुलूप! मावसा गेल्यापासून घरात शब्द आबांचाच.

नांदेडला माझ्या डॉक्टर मित्रानं मावशी आणि आबा, दोघांनाही नीट समजावलं. आधी इंजेक्शनं देऊन मग ऑपरेशन करता येईल, किंवा उलट. मावशीच्या बाबतीत दोन्ही रस्ते सारखेच. इंजेक्शनांनी काही महिने चव आणि वास जाऊ शकतो. आबा म्हणाले, इंजेक्शनं चालू करा. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. हळद शिजवायला अजून महिनाभर अवकाश होता. मी शेजारीच होतो, पण तिला काही विचारावं हे मला सुचलंसुद्धा नाही... मी आपला प्रोग्रॅम सुरू करण्याच्या गडबडीत.

तिनं पदरावरूनच हेडफोन चढवला. हिरवं, लाल, हिरवं – दहा झाले. मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर तिनं हातानंच थांब म्हटलं. काहीतरी ऐकत होती. पदराआड ओठ जरासे हलले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

प्रिंटर कुरकुरला. दहा ओळी आल्या. आणि मग अकरावी –

"आदी आप्रेशन करा. हळद शिजूस्तोर माजा वास जाऊ देऊ नका."

डॉक्टरनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पुठ्ठ्याकडे बघितलं. जागच्या जागी होता. दोन बटणांनी एवढं वाक्य कुठून येणार?

आबांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला.

"व्हय की," ते म्हणाले. "हिचं नाक गेलं तर कढई उतरवायचं सांगंल कोन? आन् हे काहून सांगितलं न्हाई आमाला?" मग डॉक्टरकडे वळून, "आदी आप्रेशन करा, साहेब."

तसंच झालं. त्या वर्षी मावशी कढईजवळ बाज टाकून बसली, एक हात जपत, आणि साऱ्या गड्यांवर हुकूम सोडत. मग इंजेक्शनं झाली. केस गेले, वासही गेला. पुढच्या हंगामापर्यंत दोन्ही परत आले, आणि तिची थट्टा तर दुप्पट!

मी मात्र प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासला. प्रश्न दहाच. वाक्य लिहिण्याची सोयच मी ठेवलेली नव्हती. मित्र शपथेवर म्हणतो, त्यानं कशालाही हात लावला नाही. पन्नासेक वेळा चालवून बघितला. दरवेळी दहाच ओळी. आजपर्यंत मला याचा उलगडा झालेला नाही.

शेवटी एकदा उन्हात हळद वाळत होती, तेव्हा मावशीलाच विचारलं, त्या दिवशी दहा प्रश्नांनंतर काय ऐकत होतीस?

"तुलाच की," ती म्हणाली. "धा सवाल तू सायबावानी इचारलेस. मंग आपल्यावानी बोललास – मावशे, तुला काय पायजे? मला लई बरं वाटलं बग. म्हनलं, इचारलं एकदाचं लेकरानं."

मी मान डोलावली. ते मी विचारलं नव्हतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.