काठोकाठ भरलेली घागर

माझ्या आईला प्यायला पाणी मिळालं ते आमच्या शेजारच्या काकूमुळं, हे आधी सांगते. काकू नात्यातली नाही. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती शेळ्या राखते.

मी आठवीत शाळा सोडली. आता पनवेलला एका घरात राहून तिथल्या आजींचं सगळं करते. गावाकडं आई एकटी असते, आणि तिचे गुडघे गेलेत.

गल्लीत सरकारी योजनेचे नळ बसले तेव्हा आईनं नळाला हळदकुंकू लावलं. ठेकेदाराची पोरं मोबाईलवर फोटो काढायला आली. पाणी अजून सुटायचं होतं. पण रिकाम्या घागरीची पूजा कोण करतं? आईनं घरातल्या रांजणातलं पाणी घागरीत ओतलं आणि ती काठोकाठ भरून नळाखाली ठेवली. पोरं म्हणाली, "मावशी, नळाला हात लावा, जरा हसा." आई हसली.

तो फोटो हापिसात गेला. योजना पूर्ण झाली, घरोघरी पाणी आलं, असं वर कळवलं गेलं. मग गावात येणारा टँकर बंद झाला. नळ मात्र कोरडाच.

मी पंचायत समितीत फोन लावत राहिले. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, फोटोत घागर भरलेली आहे. तुमच्याच आईची आहे ना?" मी फोन ठेवला. तिकडं बायका आईला टोमणे मारायच्या, "तुझ्या घागरीनं आमचा टँकर घालवला." आईनं ते खरं धरलं. शेजारी पाणी मागणं सोडलं आणि ठेचकाळत मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागली. ती पडली तर मला कळणार कधी? सुट्टी मागायचीही भीती. काम गेलं तर आईच्या औषधाचं काय?

ग्रामसभेच्या दिवशी काकूनं मला फोन लावला आणि म्हणाली, "चालूच ठेव गं, ऐक." इकडं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी फोन कानाला दाबून धरला.

तालुक्याहून आलेले साहेब सांगत होते, "योजना पूर्ण आहे. फोटो आहे आमच्याकडं."

"फोटो पिऊन बघा की सायब, तहान भागतीय का," काकू म्हणाली.

सरपंच मध्ये पडले, "काकू, तुमच्या दारातबी नळ हाय. उगं कशाला वाढवताव?"

"हाय की. शेळी बांधती म्या त्याला. लई मजबूत बसवलाय, तेवढ्यापुरता सरकारचा पैसा वसूल झाला."

लोक हसले. आई म्हणे मागं भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती. काकूनं पदराखालून घागर काढून साहेबांपुढं ठेवली. "ही फोटोतली घागर. ह्या बाईनं पूजेसाठी घरचं पाणी भरलं हुतं. आता तुमी नळाचं भरून दावा. भरली, तर समद्यांपुढं माफी मागती."

साहेबांना उठावंच लागलं. आमच्या दारात त्यांनी नळ सोडला. आधी मुंग्या निघाल्या, मग नुसती हवा. नुसतं फुस्स, ते मलाही ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "भरा की सायब, जागा लई हाय घागरीत." नळ कोरडा असल्याचा पंचनामा झाला. पुढं टँकर परत सुरू झाला. टोमणे मारणाऱ्या बायकाच आता आईची घागर आधी भरून देतात.

नळ अजून कोरडाच आहे. पैसा कुठं गेला विचारलं की चौकशी चालू आहे म्हणतात. मीही विचारून थकले. ठेकेदाराच्या भावकीनं मात्र काकूच्या शेळ्यांची बांधावरची वाट बंद केली. ती आता माळाला वळसा घालून जाते. मी वाईट वाटून बोलले, तर म्हणाली, "शेळ्यांचं काय, त्यान्ला हिंडायचंच असतंय."

पण काकूचंही वय होत आलंय. इथं मी पगारावर परक्या आजींचे पाय चेपते, त्यांना न्हाऊ घालते. काकू, तुझे पाय थकले की मी गावी येईन. टँकरवर तुझी घागर मी धरीन, आणि तुझं न्हाणं माझ्या हातानं होईल.