थोरल्या आत्याची हळद आणि माझं युकुलेले

हिंगोलीला मी गेले ती हट्टाने. देवदर्शन नव्हतं, नात्यातलं लग्न नव्हतं, शाळेची सहलही नव्हती. मला एक गाणं लोकांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं होतं, एवढंच.

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशीला टेकताना युकुलेले शिकायला घेतलं. घरच्यांनी हे खूळ पंधरा दिवसांत ओसरेल असं गृहीत धरलं, आणि नेमकं त्यामुळेच ते ओसरलं नाही. चार नायलॉनच्या तारा, दीड वीत लांबीची मान, मांडीवर मांजरासारखं बसणारं वाद्य. पहिले काही आठवडे बोटांची टोकं सोलवटली, मग घट्ट झाली. सी, एफ, जी सेव्हन हे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, जमले. घरात एकटी असताना तर मी फारच छान वाजवायचे. समोर माणूस आला की घोळ. एक बोट घसरलं की माझ्या तोंडून "सॉरी हं" निघायचं आणि मी गाणं पहिल्यापासून सुरू करायचे. क्लासच्या स्नेहसंमेलनात मी एकच सुरुवात इतक्या वेळा ऐकवली की शेवटी सरांनी हसत हसत पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं. घरी येऊन रडले. रागाने रडले.

आमच्या शाळेत गणित शिकवणारी सुनीता मूळची नरसी नामदेवजवळच्या एका खेड्यातली. तिच्या भावाच्या मुलीचं, राधाचं, लग्न ठरलं होतं. मधल्या सुट्टीत माझा डबा खाता खाता ती म्हणाली, "हळदीला चल की आमच्याकडं. बाया गाणं म्हणतात, तू वाजव. तिथं तुला कोण ओळखून राहिलंय? चुकलीस तरी नाशिकला बातमी येणार न्हाई." मी त्याच दिवशी रेल्वेचं तिकीट काढलं.

नाशिकहून रात्रीच्या गाडीने सकाळी नांदेड, आणि तिथून एसटीने कळमनुरीमार्गे हिंगोली. सुनीता आधीच पुढे गेली होती, त्यामुळे हा प्रवास माझा एकटीचा. जाणाऱ्यांसाठी सांगते, रस्ता बराच चांगला आहे, मध्ये मध्ये काम चालू असेल तिथे कंबर सांभाळा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा लाभ घ्या. फेब्रुवारी सरताना गेलात तर सकाळी शाल लागते आणि दुपारी तीच शाल डोक्यावर घ्यावी लागते.

कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या काळ्या पिशवीकडे बोट केलं. "ताई, हे काय हाये?"

"युकुलेले."

"लेकराची गिटार व्हय?"

"नाही, माझीच आहे."

त्याने तिकीट फाडलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग बराबर सांभाळा. कळमनुरीला बाजार हाये आज, गर्दी चढते." आणि खरोखरच चढली. कोथिंबिरीचं गाठोडं, नवी कुदळ, दोन कोंबड्या आणि त्यांच्या मालकीणबाई, असे सगळे माझ्या आजूबाजूला स्थिरावले. वाद्य मी पोटाशी धरून बसले.

हिंगोलीच्या स्टँडबाहेर आलूबोंडा खाल्ला. आपल्याकडचा बटाटेवडाच, पण सोबत तळलेली मिरची मागून घ्यावी लागत नाही, ती येतेच. वेळ होता म्हणून हळदीचा बाजार पाहून आले. हळकुंडांचे ढीग, पोती आणि हवेत अशी धूळ की रुमाल नाकाला लावला तो पिवळा झाला. शिकवताना मी "हिंगोली, हळदीसाठी प्रसिद्ध" हे वाक्य कितीदा तरी उच्चारलं असेल. आता ते वाक्य शिंकताना आठवतं.

मुक्कामासाठी स्टँडच्या आसपास साधी लॉज आहेत. मला त्यांची गरज पडली नाही. वडाप जीपने नरसीला उतरले, नामदेवांच्या देवळात थोडी टेकले, शेजारच्या टपरीवर चहा घेतला. ज्यांना सवड आहे त्यांनी औंढा नागनाथही याच फेरीत करावं, फार वाकडी वाट नाही. मला घ्यायला सुनीताचा भाऊ, म्हणजे नवरीचे वडील दत्तराव, मोटरसायकल घेऊन आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात शिजवलेली हळद वाळत पडलेली, आणि तिचा ओलसर, मातकट, जरा उग्र वास गावापर्यंत सोबत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद होती, म्हणून सकाळी तालीम. नवरीची आई मंगलवहिनी खळ्यावर हळकुंडं उलटीपालटी करत होत्या. तिथेच मी ताडपत्रीच्या कडेला बसले आणि त्यांनी काम न थांबवता गाणं म्हटलं:

*हळद कुणाची गं, हळद कुणाची*
*राधेच्या अंगाला तुळसामामीची*

चाल सोपी, दोन कॉर्डमध्ये बसणारी. अडचण वेगळीच निघाली. वहिनींचा सूर माझ्या सी कॉर्डच्या जरासा वर होता. सूर दाखवणारा ट्यूनर लावून मी त्यांना "थोडं खाली घ्या ना" म्हणून पाहिलं. त्यांनी घेतलं, आणि पुढच्याच ओळीला पुन्हा आपल्या जागी गेल्या. शेवटी मी ट्यूनर पिशवीत टाकला आणि कानाने त्यांच्या गळ्याला तारा जुळवल्या. इतक्या महिन्यांत हे मी प्रथमच केलं होतं आणि जमल्यावर मला भलताच आनंद झाला.

"पुढची कडवी?" मी विचारलं.

"पुढं कमलकाकीची, मग अजून कुणाची. असंच चालत राहाते ते," वहिनी म्हणाल्या.

मी समाधानाने मान हलवली. शेवट कधी, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचं त्यांना. आपल्या घराचं दार कुठे आहे हे कोण कुणाला सांगतं?

ऊन उतरल्यावर अंगणात पाट मांडला. राधा पिवळं पातळ नेसून बसली. ही मुलगी फार्मसी शिकलेली, हसरी, मला म्हणाली, "काकू, घाबरू नका, सगळे माझ्याकडंच बघून राहतील." घरच्याच हळदीची वाटी फिरू लागली. जिचं नाव गाण्यात येई ती उठायची, राधाला हळद लावायची, मागे सरायची. तुळसामामी, कमलकाकी, शेजारच्या दोघी, मग धाकटी आत्या म्हणून सुनीता. मी वाजवत होते. एकदा बोट घसरलं, पण बायकांचा आवाज इतका भरघोस की कुणाला कळलंच नाही. मी थांबले नाही! अंगावर काटा आला. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. मग सुनीताने हळद लावून वाटी खाली ठेवली, कुणी उठलं नाही, क्षणभर सगळं थबकलं. मला वाटलं, झालं. क्लासमध्ये शिकवलेला शेवटचा झंकार मी दणक्यात दिला आणि हात वर केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मांडवातल्या स्पीकरवाल्याला तेवढाच इशारा पुरला, त्याने आपलं गाणं सुरू केलं.

माझं पहिलं पूर्ण गाणं! मी हसत इकडे तिकडे पाहिलं, तर बायका हसत नव्हत्या.

सुनीताची थोरली बहीण, सरूबाई, म्हणजे राधाची थोरली आत्या, पाटाजवळ उभी होती. साठीची, उंच, नाकात मोरणी. वाटी घ्यायला ती वाकली होती, ती तशीच सरळ झाली. रांजणाजवळ गेली, हात धुतले आणि अंगणाबाहेर पडली.

"काय झालं?" मी सुनीताला विचारलं.

सुनीताने कपाळाला हात लावला. "शेवटची हळद थोरल्या आत्याची असते गं. तिचं नाव आल्याबिगर गाणं संपत न्हाई. आणि ती जेवायला बसल्याबिगर पंगत बसत न्हाई."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"हे काय सांगायची गोष्ट हाये का?"

स्पीकर बंद केला गेला. दत्तराव जाऊन आले, वहिनी जाऊन आल्या. सरूबाई, घरातल्या सगळ्यांची आक्का, शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसली होती आणि "माझं पोट भरलेलं हाये" एवढंच म्हणत होती. पत्रावळ्या मांडलेल्या, वांग्याची भाजी निवत चाललेली. पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मग माझ्या वाद्याकडे. राधा पाटावरच बसून होती. हळद पुरी झाल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं, आणि तिचा चेहरा आता हसरा नव्हता. पुढल्या दिवशी ही मुलगी सासरी जाणार, आणि तिच्या आत्याचा मान मी, कुठून तरी आलेल्या बाईने, घालवलेला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण पळून जायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मी युकुलेले उचललं आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेले.

"आक्का, चूक माझी. मला माहीत नव्हतं. माफ करा. आपण गाणं परत पहिल्यापासून घेऊ, मी नीट वाजवते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यापासून? काहून?"

"म्हणजे... मोडलं ना ते."

"मोडलं तं मोडलं. तुळसाची हळद लागली, कमलची लागली. लागलेली हळद पुसून फिरून लावाव का त्या पोरीला?" तिचा आवाज चढला. "जिथं मोडलं तिथूनच पुढं चालाव लागते, बाई. मागं काय हाये?"

मी म्हटलं, "मग चला पुढे."

"वाजवणार तू?"

"वाजवणार."

"थांबशील मधीच."

"नाही थांबणार."

ती उठली. पदर खोचला. अंगणात येऊन तिने वाटी हातात घेतली, राधासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं नाव शेवटी असते. मग शेवट मीच ठरवीन."

आणि तिने सूर लावला, वहिनींपेक्षा कितीतरी खालचा. तारा जुळवायला वेळ नव्हता. पहिलं कडवं मी नुसता ताल धरून काढलं, दुसऱ्याला डाव्या हाताने खुंट्या पिळत पिळत तिच्या गळ्यापर्यंत पोहोचले. तिने आधी राहून गेलेल्या दूरच्या नात्यातल्या बायका घेतल्या. मग अजून न पाहिलेल्या सासरच्या. मग गोठ्यातल्या गाईची हळद, विहिरीची हळद, दत्तरावांच्या ट्रॅक्टरची हळद. प्रत्येकाच्या नावाने ती राधाला बोटभर हळद लावत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघत होती. बायका हसून लोटपोट. राधाही आता हसू लागली होती. माझी बोटं जळत होती. जी सेव्हन चुकला, पुढे गेले. एफची गरज नसताना एफ लागला, तसाच ठेवून पुढे गेले. कुणालाच सॉरी म्हणायला फुरसत नव्हती.

मध्येच आक्काने एक नाव घेतलं आणि बायकांचा आवाज एकदम खाली आला. ते राधाच्या आजीचं, आक्काच्या आईचं नाव होतं. म्हातारी मागच्या साली गेली होती. ते कडवं आक्का एकटीच गायली, आणि तिच्या सोबत फक्त माझ्या चार तारा. हळद लावताना तिचा हात राधाच्या गालावर जरा जास्त वेळ राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोटं चालू ठेवली.

वाटीत थोडीशी हळद उरली तेव्हा तिने स्वतःचं नाव घेतलं. *राधेच्या अंगाला सरूआत्याची.* दोन्ही हातांनी राधाचा चेहरा माखला, हातावर उरलेली हळद पदराला पुसत माझ्याजवळ आली आणि माझा डावा हात धरून बोटांची टोकं बघितली.

"तकलीफ झाली व्हय?"

"झाली."

"चल, जेवू मग."

पंगतीत तिने मला आपल्या शेजारी बसवलं. वांग्याची भाजी गार झालेली, वरण-पोळी आणि बुंदी. इतकं चवीचं जेवण मी कुठल्या हॉटेलात जेवले नाही.

लग्न दुपारी लागलं. राधा सासरी गेली आणि मी आल्या वाटेने परत नाशिकला आले. लोक विचारतात, हिंगोलीत बघण्यासारखं काय आहे? देवळं आहेत, हळदीचा बाजार आहे, पोटभर जेवण आहे. पण कुणी हळदीला बोलावलं तर बाकी सगळं सोडून तिथे जा, आणि जाण्याआधी शेवटचं नाव कुणाचं ते विचारून ठेवा. मी आता शांत वाजवते असं मुळीच नाही. क्लासमध्ये अजूनही बोट घसरतं आणि जुनी सवय जिभेवर येते.

परवा शाळेतून आल्यावर सराव करत होते, तर सुनीताचा फोन आला. ती गावी गेली होती. "आक्काला बोलायचंय," एवढं म्हणून तिने फोन पुढे दिला.

"नाशिकवाली, राधा आली माहेरी. तिच्या सासरच्या बायांची नावं कळली आता. त्या दिशी आमी अंदाजानं घेतली होती. वाजव."

मी फोन स्पीकरवर टाकून समोर टेकवला आणि सुरू केलं. दुसऱ्याच कडव्याला बोट घसरलं, सूर तुटला, आणि मी सवयीने म्हणाले, "सॉरी, आक्का, एक मिनिट..."

पलीकडे कुणी ऐकायला थांबलंच नव्हतं. आक्का राधाच्या सासूच्या नावावर पोहोचलीसुद्धा होती, मागून बायकांचा घोळका तिला साथ देत होता. मी कॉर्ड धरला आणि त्यांना गाठायला निघाले.