आईच्या लुगड्यांचे शर्ट

आमच्या पाव्हण्यांनी आपल्या आईला मेल्यावर जेवढं हिंडवलं, तेवढं ती बाई जिवंतपणी कधी हिंडली नाही. पाव्हणे म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. रेल्वेतून रिटायर होऊन सोलापूरजवळच्या होटगीतच घर बांधून राहिलेले, उंच, मिशीवाले, चारचौघांत उठून दिसणारे गृहस्थ. हल्ली ते उठून दिसतात ते मिशीमुळे नव्हे. अंगात इरकली लुगड्याचा शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेला बायकी चष्मा, कमरेला पानसुपारीची चंची आणि काखेत काठी, अशा थाटात ते सोलापूरला माझ्याकडे येतात, तेव्हा आमची गल्ली दारात येऊन उभी राहते. मी म्हणते, "या पाव्हणं. आईंनापण आत घ्या." ते घेतात.

काठीपासून सांगते. पाव्हण्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, काठी ते टेकत नाहीत. रोज संध्याकाळी तिला काखेत धरून स्टेशनापर्यंत नेतात, बाकावर शेजारी ठेवतात, एखादी गाडी गेली की परत आणतात. "पाय दुखतात का?" मी एकदा विचारलं. "न्हाय ओ विहीणबाई. आई रोज जायची, काठीला सवय हाय. घरात ठिवली की सारखी पडती." नवी गुळगुळीत फरशी बसवल्यावर भिंतीला लावलेली कुठलीही काठी पडणारच, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काठी फिरवायला घेऊन गेले.

चष्म्याचं निराळंच. त्यांची आई शाळेत गेलेली नव्हती. डोळ्याच्या डॉक्टरनं अक्षरांची पाटी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "ते मला काय करायचंय? तांदळातला खडा दिसला पायजे." त्यानं बिचाऱ्यानं तसा नंबर काढून दिला. हा चष्मा लावून पाव्हण्यांना पेपर वाचता येत नाही, समोरून येणारा माणूस ओळखता येत नाही, पण जेवायला बसले की ते तो डोळ्यावर चढवतात. माझ्या घरीही चढवला. मी म्हटलं, "आमच्यात पिशवीतला निवडलेला तांदूळ येतो. त्यात खडा नसतो." पहिल्याच वाढणीत त्यांनी एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. "आईचा चष्मा हाय," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर, मिठाचा तरी निघेल म्हणून मी तो चावून बघितला. खडाच होता.

पाव्हणे स्वतः पान खात नाहीत, पण शेजारी बसलेल्या माणसाला सुपारी कातरून दिल्याशिवाय त्यांच्या आईला चैन पडत नसे, म्हणून यांनाही पडत नाही. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी कमरेतून अडकित्ता काढला, तेव्हा वॉचमन बंदूक सावरत उभा राहिला. माझी लेक सांगते, की पाच मिनिटांनी तो वॉचमन चुना मागत होता.

आता ही आई कशी होती ते सांगायला पाहिजे. शरीरानं चिमूटभर, आवाजानं गावभर. कुणाचं बोलणं पुरं होऊ देणं तिला जमतच नसे. समोरच्याचा पहिला शब्द ऐकून ती उत्तर देऊन टाकायची, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं, त्यामुळे राग जास्त यायचा. मी लेकीचं लग्न ठरवायला गेले आणि म्हटलं, "आमची मुलगी..." तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "पसंत हाय." आमची मुलगी जरा तापट आहे, असं मी सांगणार होते. ते राहूनच गेलं. पुढं त्यांना कळलं म्हणा.

या बाईचा जीव लुगड्यांवर. सगळी इरकली, लाल पदराची, घडीवर घडी घालून ट्रंकेत. सुनांनी हात लावायचा नाही, लेकींनी मागायचं नाही. लग्नकार्यात कुणी नुसतं "किती छान रंग" म्हटलं तरी ती पदर आवरून घ्यायची.

ती गेली. दहाव्याला होटगीच्या तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. लिंबावर ओळीनं बसले होते, खाली बघत होते, पण येईनात. नातेवाईक एकेक करून पुढं झाले. थोरला नातू म्हणाला, दारू सोडतो. धाकटी सून म्हणाली, जावेशी भांडणार नाही. कावळ्यांनी या दोन्हींवर विश्वास ठेवला नाही. ऊन चढलं, स्वयंपाक निवला, माझेही पाय दुखायला लागले. शेवटी पाव्हणे हात जोडून घाईघाईनं बोलले, "आई, तुझं एकबी लुगडं दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊ देणार न्हाय!" आणि वरचा एक कावळा दगड पडावा तसा खाली आला.

सगळे जेवायला पळाले. पाव्हणे मात्र तिथंच विचार करत उभे राहिले. दिलेला शब्द त्यांनी रेल्वेत सिग्नल पाळावा तसा पाळायला घेतला. लुगडी कुणाला द्यायची नाहीत. मी म्हटलं, "मग राहू द्या की ट्रंकेत." ते म्हणाले, "कसर लागती. कसर म्हंजी दुसरंच की." मग उरलं कोण? तेच उरले. एक लुगडं घेऊन ते आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेले. शिंप्यानं कापड बघितलं, पाव्हण्यांच्या मिशीकडे बघितलं आणि विचारलं, "चाचा, बटनां आगे लगाऊं क्या पीछे?" शर्ट तयार झाला. काठ बटणपट्टीला, पदर पाठीवर. तो विरला की दुसरं लुगडं, मग तिसरं. माझी विहीण एकदाच त्यावर बोलली: "सासूबाई गेल्या, पण त्यांचं धुणं काय सुटलं न्हाय."

मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगितलं होतं. माझी आई गेली तेव्हा तिची लुगडी मी भांडीवाल्या बाईला दिली आणि स्टीलचं पातेलं घेतलं. पाव्हण्यांनी एकदा विचारलं, "तुमी आईचं काय ठिवलंय?" मी पातेलं दाखवलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलतील. त्यांनी चष्मा लावला, पातेलं दोन्ही हातांनी उचलून आत बघितलं. "रोज वापरता?" "रोज. दूध तापवते." "बरं करता," म्हणाले आणि जपून खाली ठेवलं.

यंदा आमच्या नातीचा साखरपुडा ठरला. म्हणजे त्यांची नात, माझ्या लेकीची लेक. तोवर ट्रंकेत एकच लुगडं उरलं होतं, चिंतामणी रंगाचं, म्हातारीचं सगळ्यात आवडतं. पोरीनं आजोबांच्या गळ्यात पडून तेच मागितलं. "आजोबा, मी दुसरं काहीच नेसणार नाही. पणजीच्या मांडीवर मी ह्या लुगड्यात झोपलीय." पाव्हणे तिला नाही म्हणू शकेनात आणि व्हय म्हणू शकेनात. जेवण तुटलं. काठी भिंतीशी पडली तरी उचलेनात. पोरगी रुसली, ती आजोबांशी बोलेना. लेकीचा मला फोन आला, "आई, तूच काहीतरी कर. त्यांना बोलवून घे."

आले. अंगात शेवटचा शर्ट, कॉलर विरलेली. मी म्हटलं, "पाव्हणं, नात दुसरी कशी?"

"आईनं तर सुनांनाबी दुसरं धरलं हुतं. म्या मनानं कसं ठरवू? तिला न विचारता?"

"मग विचारा. ज्याच्यापुढं शब्द दिला, त्यालाच विचारा."

मी भाताचा गोळा केला, वर दही घातलं आणि त्यांना आमच्या गच्चीवर घेऊन गेले. माझ्या गच्चीवर रोज सकाळी कावळे येतात, कारण मी त्यांना शिळी भाकरी टाकते. हे मी पाव्हण्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यांनी गोळा कठड्यावर ठेवला, चपला काढल्या, काठी बाजूला उभी केली, हात जोडले. घसा खाकरून म्हणाले, "आई, तुझं ते चिंतामणी..."

कावळा गोळा घेऊन गेलासुद्धा.

पाव्हणे हात जोडलेलेच राहिले. मग माझ्याकडे वळले. "ह्ये धरायचं न्हाय, विहीणबाई. तिनं ऐकलंच न्हाय. म्या अजून मागितलंबी न्हाय."

"पाव्हणं," मी म्हटलं, "तुमच्या आईनं जन्मात कुणाचं पुरतं ऐकून घेतलं होतं का?"

त्यांनी रिकाम्या कठड्याकडे बघितलं. मग मिशी हलली. "व्हय की," म्हणाले. "तिचं असंच हुतं." आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवरचा लाल पदर हलत होता. वारा नव्हता. मी खाली येऊन चहा ठेवला.

साखरपुड्याला पोरगी ते लुगडं नेसून आली. चालताना ऐट थेट म्हातारीची. मी कार्यालयाच्या दारात पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होते. पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ आले, मी त्यांना नवऱ्यामुलाकडचे समजून "या, बसा" म्हटलं आणि पुढच्याकडे वळले. ते तिथंच उभे राहिले. ना चष्मा, ना चंची, ना काठी. "ओळखलं न्हाय व्हय विहीणबाई?"

"सगळं कुठं ठेवून आलात?"

"घरी. आज आई तिच्याकडं हाय. एकाच जागी असू द्या म्हटलं."

गेल्या आठवड्यात ते पुन्हा आले. चष्मा होता, चंची होती, काठी होती. शर्ट मात्र दुकानातला, पांढराच. गल्लीत कुणी बाहेर आलं नाही. ते नेहमीच्या खुर्चीत बसले आणि मला उगीचच खोली मोठी वाटायला लागली. "जुना शर्ट?" मी विचारलं. "फाटला," म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या आईच्या पातेल्यात च्या करा की."

मी पातेल्यात दूध ठेवलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. दूध वर आल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. ते उतू गेलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. माझी आई बोलत होती, तिला मध्येच कोण तोडणार!