खालचे पाणी

हे मी घरात कधी बोललो नाही. हिलासुद्धा नाही — आणि हिच्याजवळ मी कचेरीतली बारीकसारीक गोष्टही उघडी करतो. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही.

सोलापुरात आमच्या भागाला ज्या तलावाचे पाणी येई, त्याची तपासणी माझ्याकडे होती. आधी तलावाचेच सांगतो — की मुद्दा टाळतो आहे? उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते. थंड, जड पाणी तळाशी बसून राहते. तिथला प्राणवायू संपतो. मग गाळात घट्ट असलेले लोखंड आणि मँगनीज पाण्यात विरघळते. थंडीत सगळे पाणी ढवळून निघते, हवा मिळते, ते धातू कणाकणाने परत गाळात उतरतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. म्हणून उन्हाळ्यात पाणी वरच्या व्हॉल्व्हने घ्यायचे.

त्या वर्षी वरचा व्हॉल्व्ह अडकला होता. दुरुस्ती हिवाळ्यातच करायला हवी होती — मी आज-उद्या करीत राहिलो. शेवटी खालचा उघडला, आणि कोणाला सांगितले नाही.

नरसय्या विणकरांचे सूत भट्टीवर उकळून, नळाच्या पाण्यात धुऊन पांढरे करून देई. त्याच्या सुतावर तांबूस डाग पडू लागले. सुताचा व्यापारी चारचौघांत म्हणाला, "हात धुऊन सुताला लाव की रे. कालचं पान अजून बोटाला हाय व्हय?" लोक हसले. नरसय्या म्हणाला, दोष पाण्याचा आहे. तेव्हा मला बोलावले.

मी त्याच्या अंगणातल्या नळाखाली पेला भरून उजेडात धरला. नितळ. "पाण्यात दोष दिसत नाही," म्हणालो. दिसत नव्हताच — थोडी हवा लागल्याशिवाय ते लोखंड रंग धरत नाही. घरोघरच्या तांब्याच्या हंड्यांत तळाशी बसणारा तो तांबूस साका कोणाच्या लक्षात येणार? पण हा काचेचा पेला संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला असता तर? त्या अंगणात हे मला एकट्याला ठाऊक होते. मी पेला ओतून दिला.

पुढे व्हॉल्व्ह गुपचूप दुरुस्त करून घेतला. डाग थांबले, पण तोवर सूत दुसऱ्या भागातल्या भट्ट्यांवर जाऊ लागले होते. नरसय्याची भट्टी विझली. त्याची बायको विड्या वळायला जाऊ लागली.

काही वर्षांनी तो मला नव्या पेठेत भेटला, पाठीवर कापडाचा गठ्ठा. तो खाली ठेवून म्हणाला, "रावसाहेब, बाकीचे नुस्तं बोलत होते. तुमी एकटे पाणी बगायला आलात की."

आणि वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.