मास्तरांच्या आतड्यातला डाग

मास्तर गाडी चालवायला शिकवतात. मीही त्यांच्याकडेच शिकलो. साहित्यात एम. ए. केलेला मुलगा क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळतो, याचा त्यांना फार आनंद झाला. त्यातूनच आमची मैत्री जमली. मास्तरांच्या लेखी जगात एकच शहाणा आहे. शिकवायच्या गाडीत त्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो.

पोटाच्या तक्रारीसाठी एका डॉक्टरबाईंनी त्यांना कॅमेऱ्याची नळी आत घालून करायची आतड्याची तपासणी सांगितली. आदल्या दिवशी पोट साफ करायचे औषध भरपूर पाण्यातून प्यायचे होते. मास्तरांनी दोन ग्लास घेतले, बाकीचे बेसिनमध्ये ओतले आणि वर बिस्किटे खाल्ली. एवढे कशाला लागते, कंपन्यांचे धंदे आहेत सगळे, असे ते मला हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना पडद्यावर घाणीशिवाय काही दिसले नाही. पुन्हा यावे लागेल, असे त्यांनी सांगितले. मास्तरांनी मात्र सगळीकडे वेगळेच सांगितले. एवढे मोठे मशीन आत घातले आणि काही सापडले नाही. निव्वळ लूट आहे. हे त्यांनी त्यांच्या ताईलाही सांगितले. ताईंच्या शौचातून रक्त जात होते. त्यांनी हीच तपासणी ठरवली होती. धाकट्या भावाच्या शब्दावर त्यांनी ती रद्द केली.

दुसऱ्या खेपेला वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, समोर स्टूल घेऊन बसल्या. शेवटचा ग्लास रिकामा होईपर्यंत उठल्या नाहीत.

तपासणीनंतर डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना फोटो दाखवले. पहिल्या फोटोत नेहमीच्या उजेडातले आतडे होते. गुलाबी, गुळगुळीत. मला त्यात काहीच वावगे दिसले नाही. मग त्यांनी त्याच जागेचा दुसरा फोटो समोर ठेवला. तो निळसर उजेडात घेतलेला होता. त्यात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी उठून दिसत होती आणि एका ठिकाणी ती विस्कटली होती. तिथे शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, तपकिरी डाग होता. त्यांनी त्यावर निळा रंग फवारून कडा नीट पाहिल्या आणि तो तिथेच कापून काढला.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी वरच्या थरात. पूर्ण निघाला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावे. कोणी आहे का?

मास्तर म्हणाले, "कोणी नाही."

वहिनींनी पर्स बंद केली.

घरी गेल्यावर मास्तरांनी आम्हाला बजावले. ताईला यातले काही कळता कामा नये. मी तिला छातीठोकपणे लूट आहे म्हणून सांगितले होते, ते म्हणाले. आता ती घरभर सांगत सुटेल, तिचे जावई हसतील. मला वाटले, त्यांचे बोलणे अजून संपलेले नाही. पुढे काहीतरी माणसासारखे येईल. आले नाही. त्यांनी चहा मागितला.

याच ताईंनी मास्तरांना लहानपणी कडेवर घेऊन वाढवले. हे मला मास्तरांनीच सांगितले होते, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी आता मला गाडी धुवायच्याही लायकीचे वाटेना.

वहिनींनी फोन उचलला.

"ठेव तो," मास्तर म्हणाले. "माझं काय राहील तिच्यासमोर?"

"तुमचं काय राहील ते मागाहून बघू. वन्सं राहिल्या पाहिजेत."

त्यांनी नंबर लावला. औषध कुणी ओतले, बिस्किटे कुणी खाल्ली, काय सापडले, सगळे सांगितले. एकही गोष्ट झाकली नाही. फोन स्पीकरवर होता. मग ताईंनी एकच विचारले, "तो बरा आहे ना?"

मास्तरांना ते ऐकू आले. ते आतल्या खोलीत गेले आणि टीव्ही मोठ्याने लावला. वहिनींनी पायाने दार लोटले आणि डॉक्टरबाईंचा नंबर सावकाश, एकेक आकडा करून सांगू लागल्या.