न बुडणारं घराणं

धक्क्यावर बसून जाळी विणणारी ती बाई नावाड्यांच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिला घराण्याची कथा ऐकवली. फार पूर्वी मिरीच्या व्यापाऱ्यांच्या गलबतातून येशूचा एक शिष्य या किनाऱ्याला येत होता म्हणे. वादळात व्यापाऱ्यांनी मिरीची पोती राखली आणि त्याला समुद्रात ढकललं. व्यापारी तो व्यापारीच. घराण्याच्या मूळपुरुषाने त्याला होडीत ओढून घेतलं, भाडंही मागितलं नाही. तेव्हा संत म्हणाला, "तुझ्या रक्ताचं माणूस पाण्यात मरणार नाही."

या आशीर्वादावर घराचं बरं चाललं होतं. पलीकडच्या, त्याच संताच्या चर्चला जाणारे पाहुणे इतर होड्या सोडून ह्यांच्याच होडीत बसायचे. नवरा वल्हवता वल्हवता कथा सांगायचा आणि दरवेळी वादळ थोडं मोठं व्हायचं. ती जाळ्यात तोंड खुपसून हसायची.

मग तिचा मुलगा बुडाला. भर दुपारी, ओळखीच्या पाण्यात.

गाव पेचात पडलं. संताला खोटं म्हणावं तर पाहुणे येणार नाहीत, आणि सगळ्यांचीच पोटं त्यांच्यावर. बाईला खोटं म्हणायला कुणाचं काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या घराण्याचं रक्त असतं तर पोरगा तरला असता, असं ठरलं. पोराचं नाक बापाचं, चालताना डावा खांदा पाडायची खोडही बापाची. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण काकणच मातीत गेलं होतं.

गावाचं तोंड कोण धरणार, पण नवरा तरी बोलेल, असं तिला वाटायचं. 'पोरगा माझा होता', एवढं पुरे होतं. तो जेवायचा, झोपायचा, होडीला डांबर लावायचा, तेवढं सोडून सगळं बोलायचा. तिला त्याचा संताप यायचा आणि त्याहून जास्त त्या संताचा. भाडं देऊन मुकाट्याने गेला असता तर काय बिघडलं असतं?

एकदा जाळं पोचवायला ती नवऱ्याच्याच होडीत बसली. कथा संपली तशी एका पाहुण्या म्हातारीने विचारलं, "खरंच, तुमच्यातलं कुणीच बुडालं नाही?"

"कुणीच नाही, आजी."

"एक बुडाला," बाई म्हणाली. "माझा मुलगा. ह्याच पाण्यात."

वल्ही थांबली. तिला वाटलं, आता तरी बोलेल.

"हो, तो गेला," नवरा म्हणाला. "पण तो हिचा होता."

म्हातारी फळीवर जरा सरकून बसली, बाईपासून लांब.