तात्यांची वही आणि बुळबुळीत चाकं

आमच्या टाकीतल्या चाकांवर जसा थर चढतो, तसेच हे किस्से चढलेत. कुणी मुद्दाम साठवले नाहीत. खरवडून टाकावेत म्हटलं तर आता जीव होत नाही.

आधी टाकीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सणसरच्या अलीकडं दुधाचं एक चिलिंग सेंटर आहे. किटल्या, टँकर धुतलेलं आंबूस पाणी पूर्वी तसंच ओढ्याला जायचं. आता ते आमच्या टाकीत येतं. टाकीत प्लॅस्टिकची हजारो चाकं, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि खालून ब्लोअरची हवा. चाकांवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तो थर पाण्यातली घाण खातो. संपलं सायन्स. मी वैशाली, तिथली केमिस्ट. बापूराव ऑपरेटर. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी तिथंच किटल्या धुतल्या, हे लक्षात ठेवा.

*

चाकांची पोती ट्रकमधून उतरली आणि गावात बातमी गेली, डेअरी आता प्लॅस्टिकचं दूध काढणार! दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेली माणसं किटलीचं झाकणच उघडेनात. बापूरावांनी एकेकाच्या हातावर चाकं ठेवली. "चावून बघा. इरघळलं तर माजं नाव बदला."

एका आजींनी खरंच चावलं. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "न्हाय बा. ह्याचं दूध न्हाय व्हायचं, लई कडक हाय."

*

ओढ्याच्या काठाला तात्यांचा ऊस आणि विहीर. आमचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या पाइपाचं तोंड बरोबर त्यांच्या बांधाखाली. त्या आंबूस पाण्यानं विहीर नासली होती, म्हशी तोंड लावत नव्हत्या. माणूस तापला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी त्यांना शांत करायला एक तक्रार वही ठेवली. झालं, तात्या दर सोमवारी हजर.

पहिल्या सोमवारी लिहिलं, "वास." दुसऱ्या सोमवारी, "वास." तिसऱ्या सोमवारी मी म्हटलं, "तात्या, नवीन काही?"

चष्मा वर करून म्हणाले, "न्हाय. आता वरच्यासारखंच म्हणून नुसती टिंबं काडतो." आणि खरंच, "वास"च्या खाली दोन टिंबं. पुढं पानभर टिंबं.

थर धरायला वेळ लागतो. तोपर्यंत मी ती टिंबं गिळत बसले. मग एका सोमवारी वहीत दोन शब्द दिसले, "वास कमी." मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचा फोन आला, "कसला वास कमी? तुला सर्दी झालीय का?"

*

आता रडायचा किस्सा. मावसबहिणीच्या लग्नाला वालचंदनगरला चार दिवस गेले. परत आले तर टाकीत चाकं पांढरीशुभ्र! बापूराव दारातच उभे, कौतुकाची वाट बघत. ब्लोअर बंद करून, जाळीनं चाकं उपसून, वॉशिंग पावडर टाकून त्यांनी निम्मी टाकी घासून काढली होती.

"बापूराव, हे काय केलंत?"

"बुळबुळीत झालती, म्याडम. तपासणीला साहेब येनार. किटली बुळबुळीत असली की दूध परत जातं, आमी काय आजचं हाय व्हय?"

वीस वर्षं जो माणूस बुळबुळीशी भांडला, त्याला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं की इथं तीच आपली कामगार आहे. सांगितलं तेव्हा ते मटकन पायरीवर बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

सोमवारी वहीत "वास" आला. मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

*

प्रकरण ग्रामसभेत गेलं. ठरलं असं, की दोन महिन्यांत वास गेल्याचं तात्यांनी वहीत लिहिलं तर ठीक, नाहीतर पाइप बंद. पाइप बंद म्हणजे सेंटर बंद. मी घरी, बापूराव घरी, आणि वस्तीवरच्या बायकांनी दूध घालायचं कुठं?

बापूरावच म्हणाले, "इरजान आनू की म्याडम. आपलं दही मोडलं तर शेजारनं मागतोच न्हवं?"

बारामतीकडं एका कॉलनीच्या मैलापाण्याचा जुना प्लँट आहे. तिथला जंतूंनी भरलेला दाट गाळ बापूरावांनी दोन किटल्यांत भरला, किटल्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवल्या आणि निघाले. वाटेत एका वळणावर पातेलं घेऊन एक मावशी आडव्या आल्या. "दोन लिटर घाल बाबा. गाईचं हाय का म्हशीचं?"

बापूरावांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "मान्सांचं हाय, मावशी."

*

त्यानंतर बापूराव पार बदलले. सकाळी आल्या आल्या जाळीनं दोन चाकं काढायची, बोटानं चाचपायची आणि गंभीरपणे सांगायचं, "म्याडम, धरतंय." एक दिवस त्यांच्या सूनबाईच सेंटरवर आल्या, कावलेल्या. म्हणाल्या, "ताई, मामंजींना सांगा की काहीतरी. म्हशीच्या हौदाचं शेवाळ घासाया घेतलं तर माज्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हणं, जित्तं हाय ते!"

*

मुदतीतला शेवटचा सोमवार. आधीच्या दोन सोमवारी तात्या आलेच नव्हते. त्या दिवशी आले, वही ओढली आणि लिहायला लागले. एक शब्द नाही, दोन टिंबं नाहीत. ओळींवर ओळी. मॅनेजरसाहेबांचा चहा गार झाला. बापूराव दारात टोपी हातात घेऊन उभे.

तात्यांनी सही केली, वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच. समद्यांना कळू दे."

मी वाचलं, "तक्रार. वड्याला मासं झाल्यात. लांबलांबची मानसं गळ घिऊन येत्यात आन् माजा बांध तुडवत्यात. डेअरीनं ताबडतोब बंदोबस्त करावा."